नऊ नोव्हेंबर

शाळेत असताना जवळजवळ तीस वर्षे एक काम माझ्याकडे होते. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक छोटा फळा होता, त्यावर रोज दिनविशेष लिहायचा. हे काम मला कुणी आणि कधी दिले ते आता आठवत नाही. अक्षर बरे म्हणून दिले असेल, नाहीतर इतिहास शिकवतो म्हणून. प्रार्थनेची घंटा होण्याआधी दहा मिनिटे पोचायचे, ओल्या फडक्याने फळा पुसायचा आणि वहीत बघून चार ओळी लिहायच्या. कुणाचा जन्म, कुणाची पुण्यतिथी, एखादी लढाई, एखादा शोध. ही वही माझी मीच केली होती. तीनशे सहासष्ट पाने (एकोणतीस फेब्रुवारी धरून), त्यांत वर्तमानपत्रांतली कात्रणे, विश्वकोशातून उतरवलेल्या नोंदी, दिवाळी अंकांतून मिळालेले काहीबाही. ती वही अजून आहे. शिवण उसवली आहे, पण आहे.

त्या वहीत ९ नोव्हेंबरच्या पानावर सुरुवातीला एकच नोंद होती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे निधन, पुणे, १९६२. वयाच्या एकशे पाचव्या वर्षी. पुढे नोंदी वाढत गेल्या. जुनागढ भारत सरकारच्या ताब्यात, १९४७. फ्रान्समध्ये नेपोलियनने सत्ता बळकावली, १७९९. पण नव्वद सालानंतर कधीतरी माझ्या लक्षात आले की या एका पानावर जर्मनीची गर्दी झाली आहे. १८४८, १९१८, १९२३, १९३८, १९८९. पाच नोंदी, तारीख एकच. जर्मन लोक स्वतः या तारखेला 'नियतीचा दिवस' म्हणतात असेही वाचनात आले. मला तर फारच आवडले ते. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरातच आटोपली होती, सुट्टी संपून शाळा भरली होती. मी फळ्यावर रंगीत खडूने मोठ्या अक्षरांत मथळा लिहिला, 'नियतीचा दिवस', आणि खाली पाचही नोंदी मांडल्या. चौथी ओळ अशी होती: '१९३८ – जर्मनीत स्फटिकरात्र.'

मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी आली. म्हणाली, "सर, स्फटिकरात्रीला तिथे काय करतात? काचेचे दिवे लावतात का?"

दिवाळी नुकतीच झालेली. तिच्या डोळ्यांपुढे आकाशकंदील असणार. चूक तिची नव्हती. इंग्रजी पुस्तकात दिसलेल्या शब्दाचे मी आदल्या रात्री झटपट मराठी करून टाकले होते आणि वर स्वतःवर खूश झालो होतो. मग मी तिला सांगितले की त्या रात्री ज्यू लोकांची दुकाने फोडली, त्यांची प्रार्थनामंदिरे जाळली, माणसे मारली. रस्त्यांवर फुटक्या काचांचा खच पडला, त्यावरून ते नाव. ती थोडा वेळ गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "मग नाव इतकं छान का ठेवलं?"

मला उत्तर देता आले नाही. पुष्कळ वर्षांनी कळले की जर्मनीतही हाच प्रश्न विचारला गेला आहे आणि तिथले लोक आता ते नाव टाळतात. 'नोव्हेंबरमधला पोग्रोम' म्हणतात. पोग्रोम म्हणजे एका जमातीवर ठरवून केलेला हल्ला. सातवीतल्या मुलीला जे खटकले ते मला खटकले नव्हते, हे मात्र मी विसरलो नाही. आणि मथळ्यातल्या त्या 'नियती'नेही मला पुढे बराच त्रास दिला. आज त्याबद्दलच लिहायचे आहे.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट आणि इतिहासातल्या घटना अगणित, तेव्हा कुठलेही पान उघडा, काही ना काही जुळणारच. अमेरिकेचे दोन माजी राष्ट्राध्यक्ष, जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन, ४ जुलै १८२६ या एकाच दिवशी वारले आणि तो स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा बरोब्बर पन्नासावा वाढदिवस होता. यात नवल आहे, अर्थ काही नाही. कधीकधी तर जुळणीच खोटी निघते. शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस दोघेही २३ एप्रिल १६१६ ला गेले असे मी अनेक वर्षे फळ्यावर लिहीत होतो. पण तेव्हा इंग्लंडमध्ये जुनी ज्युलियन कालगणना होती आणि स्पेनमध्ये नवी ग्रेगोरियन, दोन्हींत दहा दिवसांचे अंतर. नेपोलियनचा तो सत्तापालटसुद्धा फ्रेंचांच्या लेखी नऊ नोव्हेंबरला झालाच नाही. त्यांच्या क्रांतीच्या पंचांगात तो दिवस १८ ब्रूमेअर होता आणि इतिहासात त्याच नावाने राहिला. शिवजयंती तिथीने की तारखेने, या वादात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

असो. जर्मनीकडे वळू.

पहिली नोंद रॉबर्ट ब्लूमची. कलोनच्या गरीब घरातला हा माणूस लायप्झिगच्या नाट्यगृहात चिटणीस होता, वक्ता मोठा, आणि १८४८ च्या क्रांतीत फ्रांकफुर्टच्या पहिल्या जर्मन संसदेवर निवडून आला होता. ऑक्टोबरात व्हिएन्नात उठाव झाला, तेव्हा डाव्या सभासदांचा पाठिंब्याचा संदेश घेऊन तो तिकडे गेला आणि तिथेच लढाईत उतरला. सम्राटाच्या सैन्याने शहर घेतले. संसद सदस्य म्हणून आपल्याला संरक्षण आहे असे त्याने सांगितले, ते कुणी ऐकले नाही. ९ नोव्हेंबरच्या सकाळी त्याला गोळ्या घातल्या. पुढच्या घटनांशी या तारखेचा काही धागा नाही, ही नुसती जुळणी. पण निवडून आलेल्या माणसाला सैन्याने गोळी घातली आणि त्याच्या संसदेला निषेध करण्यापलीकडे काही करता आले नाही, ही गोष्ट मी वर्गात नेहमी सांगत असे. तारखेपुरती नव्हे.

दुसरी १९१८ ची. महायुद्ध हरल्यात जमा होते. कीलच्या बंदरातल्या खलाशांनी बंड केले होते आणि ते शहराशहरांतून पसरत बर्लिनला पोचले होते. कैसर दुसरा विल्हेल्म बेल्जियममधल्या स्पा गावी, लष्करी मुख्यालयात होता आणि गादी सोडायला तयार होत नव्हता. शेवटी पंतप्रधान राजपुत्र माक्स फॉन बाडेन यांनी ९ तारखेला दुपारी, कैसरची संमती नसतानाच, त्याने पदत्याग केल्याचे जाहीर करून टाकले आणि कारभार समाजवादी पुढारी फ्रीडरिश एबर्ट यांच्या हाती दिला. कैसरची सही त्या पत्रावर व्हायला पुढे २८ नोव्हेंबर उजाडला, तेव्हा तो हॉलंडमध्ये आश्रयाला होता.

त्याच दुपारी फिलिप शायडेमान हे दुसरे समाजवादी पुढारी संसद भवनाच्या उपाहारगृहात सूप पीत बसले होते, अशी आठवण त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. बाहेर गर्दी. कुणीतरी येऊन सांगितले की कार्ल लीबक्नेख्त राजवाड्याकडून सोव्हिएत धर्तीच्या प्रजासत्ताकाची घोषणा करणार आहेत. शायडेमान उठले, खिडकीत गेले आणि प्रजासत्ताक जाहीर करून परत सुपाकडे आले. एबर्ट संतापले. हे ठरवण्याचा अधिकार लोकांनी निवडलेल्या घटना समितीचा, तुमचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. दोनेक तासांनी लीबक्नेख्त यांनी आपली वेगळी घोषणा केलीच. एका देशात एका दुपारी दोन प्रजासत्ताके.

ही तारीख लोकांच्या लक्षात राहिली, पण निरनिराळ्या रीतीने. कुणाला ती स्वातंत्र्याची वाटली, तर पुष्कळांना विश्वासघाताची. दोन दिवसांनी, ११ नोव्हेंबरला युद्धबंदी झाली. त्या कागदावर सेनापतींनी नव्हे, मात्थियास एर्झबेर्गर या मुलकी पुढाऱ्याने सही केली. सैन्य रणांगणात हरलेच नाही, घरातल्यांनी पाठीत खंजीर खुपसला, ही कंडी तिथून पिकली. सही करणाऱ्यांना 'नोव्हेंबरचे गुन्हेगार' म्हणू लागले. १९२१ मध्ये एर्झबेर्गर यांचा खून झाला.

यापुढे मात्र योगायोग म्हणून हात झटकता येत नाहीत.

८ नोव्हेंबर १९२३ च्या संध्याकाळी म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉयकेलर या बिअरच्या दालनात बव्हेरियाचे सत्ताधारी गुस्ताव फॉन कार यांचे भाषण चालू होते. मार्कची किंमत कोसळली होती. त्याच महिन्यात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागले. (हा आकडा फळ्यावर लिहायला घेतला की शून्यांनी एक अख्खी ओळ भरे आणि मुले खूश होत.) हिटलर आपले लोक घेऊन आत घुसला, छताकडे पिस्तूल झाडले आणि राष्ट्रीय क्रांती झाल्याचे जाहीर केले. संध्याकाळ निवडली गेली ती कार यांच्या सभेमुळे. पण दुसऱ्या दिवशी 'नोव्हेंबरच्या गुन्हेगारां'च्या क्रांतीला पाच वर्षे होत होती, हे त्या दालनात कुणालाच सांगावे लागले नसेल. रात्रीत बेत फसला. सकाळी दोनेक हजार जणांचा मोर्चा निघाला आणि फेल्डहेर्नहाले या स्मारकापाशी पोलिसांनी गोळीबार केला. नाझींच्या बाजूचे सोळा जण मेले आणि चार पोलीस. त्या सोळांतला एक तर रस्त्यावर बघत उभा असलेला वेटर होता, त्यालाही पुढे हुतात्मा करून टाकले. पोलिसांची नावे नाझींच्या काळात कोण घेणार? हिटलरला देशद्रोहाबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली आणि १९२४ च्या डिसेंबरात तो सुटून बाहेरही आला. शिक्षक म्हणून मला राहून राहून वाटते की या सगळ्या पानावर सर्वांत महाग पडलेली गोष्ट ती गोळी नव्हे, हा सौम्य निकाल आहे.

१९३३ ला सत्ता आल्यावर या फसलेल्या बंडाचा उत्सव झाला. दरवर्षी ८ नोव्हेंबरला त्याच दालनात हिटलरचे भाषण, ९ ला त्याच रस्त्याने मोर्चा. १९३५ मध्ये त्या सोळांच्या शवपेट्या मुद्दाम बांधलेल्या दोन स्मारकांत आणून ठेवल्या. एक पराभव दरवर्षी विजयासारखा साजरा करून तारीख पक्की केली गेली. आणि तारीख पक्की झाली म्हणून पुढच्या दोन गोष्टी घडल्या.

१९३८ च्या ऑक्टोबरअखेर जर्मनीने सुमारे सतरा हजार पोलिश ज्यूंना घराबाहेर काढून पोलंडच्या सरहद्दीवर नेऊन सोडले. त्यांत हानोव्हरचे ग्रिन्स्पान कुटुंब होते. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा हेर्शेल पॅरिसमध्ये होता. त्याला बहिणीचे पोस्टकार्ड मिळाले. ७ नोव्हेंबरला त्याने जर्मन वकिलातीत जाऊन एर्न्स्ट फॉम राट या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. फॉम राट मेला तो दोन दिवसांनी, ९ तारखेला संध्याकाळी. आणि त्या वेळी नाझी पक्षाचे झाडून सारे पुढारी कुठे होते? म्युनिकच्या जुन्या नगर सभागृहात, बंडाच्या वर्धापनदिनाच्या जेवणाला. गोबेल्सने तिथे भाषण केले. पुढारी उठले आणि आपापल्या प्रांतांत टेलिफोन लावू लागले. लोकांचा उत्स्फूर्त संताप दिसावा म्हणून पक्षाच्या माणसांना गणवेश न घालता जायला सांगितले होते. आगीचे बंब आले, पण ते शेजारची घरे पेटू नयेत एवढ्यासाठी. प्रार्थनामंदिरे जळू दिली. चौदाशेहून अधिक प्रार्थनामंदिरे जाळली किंवा मोडली गेली, सुमारे साडेसात हजार दुकाने फुटली. सरकारी आकडा ९१ मृतांचा, खरा त्याहून कितीतरी मोठा. तीस हजारांच्या आसपास ज्यू पुरुष डाखाऊ, बुखेनवाल्ड, झाक्सेनहाउझेनच्या छळछावण्यांत गेले. वर ज्यूंनाच एक अब्ज मार्कांचा दंड.

सगळे पुढारी त्या रात्री एका छताखाली जेवायला बसले होते ते नऊ नोव्हेंबर होता म्हणून. ते तसे एकत्र नसते तर हा हल्ला झालाच नसता असे मी म्हणणार नाही, पण इतक्या झपाट्याने, एका रात्रीत, देशभर झाला नसता असे मला वाटते. म्हणजे मी मथळ्यात लिहिलेली नियती ती हीच होती. जेवणाचे आमंत्रण आणि टेलिफोन.

दुसरी गोष्ट वहीत नव्हती, कारण तिची तारीख आठ आहे. गेओर्ग एल्सर हा नैर्ऋत्य जर्मनीतल्या खेड्यातला सुतार. कुठल्या कटात नाही, पाठीशी संघटना नाही. युद्ध येणार आणि ते थांबवायचे तर हे पुढारी दूर झाले पाहिजेत, असे त्याचे त्यानेच ठरवले. ८ नोव्हेंबर १९३८ ला तो म्युनिकला जाऊन ते दालन बघून आला. हिटलर पुढच्या वर्षी त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, त्याच खांबापुढे उभा राहणार हे कुणालाही माहीत होते. एल्सरने त्याचा हिशेब केला. १९३९ च्या उन्हाळ्याअखेरीपासून तीसहून अधिक रात्री तो त्या दालनात जेवायला जाई, मग आत लपून राही, आणि हातविजेच्या झाकलेल्या उजेडात खांब पोखरत असे. खांबाच्या लाकडी तावदानाला त्याने बाहेरून दिसणार नाही असे दार बसवले. भुसा-विटांचा चुरा पिशवीतून बाहेर नेला. आत स्फोटके आणि दोन घड्याळे. चांगल्या सुताराचे काम.

त्या वर्षी धुके होते. विमान उडणार नाही म्हणून हिटलरला आगगाडी गाठायची होती, म्हणून त्याने भाषण लवकर सुरू करून ९ वाजून ७ मिनिटांनी संपवले. बॉम्ब ९ वाजून २० मिनिटांनी फुटला. तेरा मिनिटे. आठ माणसे मेली आणि त्यांत हिटलर नव्हता. एल्सर त्याआधीच स्वित्झर्लंडच्या सीमेवर, कॉन्स्टान्सला पकडला गेला होता. त्याला डाखाऊत ९ एप्रिल १९४५ ला मारले, महायुद्ध संपायला महिनाही उरला नसताना. त्या आठांतही सगळे पुढारी नव्हते, एक वाढपीण होती. हे लिहिताना मी दर वेळी अडखळतो. पण आमच्या शाळेच्या पाठ्यपुस्तकांत एल्सर कधी आला नाही, याचे मला वाईट वाटते.

१९८९ ची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. आम्ही ती आधी आकाशवाणीवर ऐकली, मग शेजाऱ्यांकडच्या टीव्हीवर भिंतीवर चढलेली माणसे बघितली. पण ते कसे घडले हे मला फार पुढे कळले, आणि कळल्यावर मी एकटाच हसलो. पूर्व जर्मनीत महिनाभर मोर्चे चालू होते. ९ ऑक्टोबरला एकट्या लायप्झिगमध्ये सत्तर हजार लोक रस्त्यावर उतरले. लोक हंगेरी, चेकोस्लोव्हाकियातून पळून जात होते. म्हणून सरकारने प्रवासाचे नवे नियम केले, अर्ज करून, शिक्का घेऊन जाण्याचे. ते दुसऱ्या दिवशी पहाटे जाहीर व्हायचे होते. पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की यांच्या हाती संध्याकाळच्या पत्रकार परिषदेपूर्वी तो कागद आला. चर्चेच्या वेळी ते हजर नव्हते, कागदही नीट वाचलेला नव्हता. सातच्या सुमाराला प्रश्न आला आणि त्यांनी तो वाचून दाखवला. हे लागू कधी होणार, असे कुणी विचारताच त्यांनी कागद उलटसुलट केले आणि आपल्या माहितीप्रमाणे लगेच, असे सांगून टाकले. दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण चालू होते.

बॉर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावर हाराल्ड येगर हे अधिकारी जेवताना हे बघत होते. त्यांचा विश्वास बसेना. थोड्याच वेळात दारापुढे लोक जमू लागले; आधी दहा-वीस, मग शेकडो, मग हजारो. येगर वरिष्ठांना फोनमागून फोन करत राहिले. हुकूम आला तो असा की जास्त आरडाओरडा करणाऱ्यांना जाऊ द्या, पण त्यांच्या ओळखपत्रावरच्या फोटोवर शिक्का मारा, म्हणजे परत येता येणार नाही. रात्री साडेअकराच्या सुमाराला येगर यांनी कुणाचाही हुकूम नसताना फाटक उघडायला लावले. त्याच वर्षी फेब्रुवारीत क्रिस गेफ्रॉय हा वीस वर्षांचा मुलगा याच भिंतीपाशी गोळी लागून मेला होता. या भिंतीने किमान १४० बळी घेतले. त्या रात्री गोळी झाडली गेली नाही.

म्हणजे इथेही तारखेचे कारण काय, तर न वाचलेला कागद. नियम पहाटे जाहीर झाले असते तर वहीत दहा नोव्हेंबर लागला असता आणि माझा मथळा झाला नसता.

जर्मनी एक झाल्यावर राष्ट्रीय दिन कोणता ठेवायचा हा प्रश्न आला. नऊ नोव्हेंबर पुष्कळांना सहज सुचला, पण ज्या दिवशी प्रार्थनामंदिरे जळली त्या दिवशी फटाके कसे उडवायचे? शेवटी ३ ऑक्टोबर ठरला, १९९० मध्ये दोन्ही राज्ये प्रत्यक्ष एक झाली तो. नऊ नोव्हेंबरला सुट्टी नसते. त्या दिवशी जर्मन शहरांत एक वेगळेच दृश्य दिसते म्हणतात. गुंटर डेमनिग या कलावंताने नव्वदच्या दशकात सुरू केलेले एक काम आहे: नाझींनी नेलेल्या माणसांच्या शेवटच्या राहत्या घरापुढे, पदपथातच, दहा सेंटिमीटरचा पितळी पत्र्याचा दगड बसवायचा. त्यावर येथे राहत होते एवढे लिहून नाव, जन्माचे वर्ष, पुढे काय झाले ते. २०२३ मध्ये असा एक लाखावा दगड बसला. पायांखाली पितळ काळे पडते, म्हणून नऊ नोव्हेंबरला लोक, शाळेतली मुलेही, गुडघ्यांवर बसून फडक्याने ते घासतात. आपण देवाची भांडी घासतो तसे. घासून झाले की शेजारी मेणबत्ती ठेवतात.

त्या मुलीला मी दुसऱ्या वर्षी काही सांगितले नाही, ती आठवीत गेली होती आणि तिला प्रश्न आठवत असेलच असे नाही. फळ्यावर मथळा लिहिला नाही. पहिली ओळ महर्षी कर्व्यांची घेतली. तिच्याखाली, पांढऱ्या खडूने, '१९३८ – जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली, दुकाने फोडली, माणसे मारली.' ओळ लांब झाली, शेवटचे दोन शब्द खाली घ्यावे लागले.